देवासमोर नीतिमान ठरणं आणि त्याचे आशीर्वाद: बडोद्यातल्या मराठी नवख्यांसाठी सात पायऱ्या

फत्तेगंजातल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी पहिल्यांदाच जाऊन बसलेला मराठी माणूस बहुतेकदा शब्दांत अडखळतो. उपदेश गुजरातीत, निम्मी गाणी हिंदीत आणि मांडीवरचं पवित्र शास्त्र मराठी. तिन्हीकडे एकच गोष्ट सांगितली जाते, पण तिला तीन नावं असतात. ‘देवाशी नातं सरळ असणं’ हा ख्रिस्ती विश्वासाचा कणा आहे आणि नेमका तोच या गोंधळात हातून निसटतो. मग माणूस आशीर्वादांच्या मागे धावतो, आणि ते ज्यातून येतात ते मूळ मात्र तसंच राहून जातं. खालच्या पायऱ्या आठवडाभराच्या आहेत. घाई करू नका, एकही गाळू नका.

लागणारं साहित्य

- मराठी पवित्र शास्त्र, शक्यतो कागदी. फोनवर वाचत असाल तर शेजारी गुजराती भाषांतर उघडता येईल असं ॲप घ्या.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल.
- रोज वीस मिनिटं, सलग सात दिवस.
- शंका विचारायला एक जाणता माणूस: पाळक, धर्मगुरू किंवा मंडळीतली एखादी वडीलधारी व्यक्ती.

दाखला, शिफारसपत्र, वर्गणीची पावती, यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलंच, तर पाचवी पायरी आधी वाचा.

१. आधी शब्द लावून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर हे उतरवून ठेवा.

मराठी शास्त्रात ‘नीतिमान ठरणे’ आणि ‘नीतिमत्त्व’ असे शब्द आहेत. गुजराती शास्त्रात त्याच जागी ‘न्यायी ठराववुं’ आणि ‘न्यायीपणुं’ येतं. हिंदीत ‘धर्मी ठहरना’ आणि ‘धार्मिकता’. तिन्हींच्या मुळाशी ग्रीक शब्द एकच आहे आणि तो न्यायालयातला आहे. न्यायाधीशाने समोरच्या माणसाच्या बाजूने निकाल दिला, तो निर्दोष ठरला, त्याचं स्थान सरळ झालं, एवढा त्याचा अर्थ.

मराठी कानाला मात्र तिन्ही शब्द चकवतात. रोजच्या बोलण्यात ‘नीतिमान’ म्हणजे चांगल्या चालीचा माणूस, ‘न्यायी’ म्हणजे पक्षपात न करणारा आणि ‘धार्मिक’ म्हणजे देवाधर्माचं पुष्कळ करणारा. हे तिन्ही अर्थ माणसाच्या वागण्याकडे बोट दाखवतात, तर रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने वापरलेला शब्द निकालाकडे दाखवतो. हिंदी गाण्यात ‘धार्मिकता’ ऐकून ‘म्हणजे आता उपास वाढवायला हवेत’ असं वाटलं, तर तिथेच गाडी चुकीच्या रुळावर गेली. शब्द कानावर आला की मनात ‘निकाल माझ्या बाजूने लागला’ असं भाषांतर करा.

दुसरा फसवा शब्द ‘शांती’. आपल्याकडे वास्तुशांत करतात, ग्रहशांत करतात. शांती म्हणजे विधीने घडवून आणायची गोष्ट, अशी सवय या शब्दाला आहे. रोमकरांस पत्रातली शांती म्हणजे दोन पक्षांतलं वैर मिटणं, समेट होणं. त्या शांतीचा श्लोक, रोम ५:१ (म्हणजे त्या पत्राचा पाचवा अध्याय, पहिला श्लोक), हिंदी सभेत ‘मेल रखें’ असा ऐकू येईल. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत एका स्वराच्या फरकाने ‘शांती आहे’ आणि ‘शांती असू द्या’ असे दोन पाठ आढळतात, त्यामुळे भाषांतरांतही फरक पडतो. त्यावरून वाद घालत बसू नका. आधी मिळालेल्या निकालातूनच ही शांती येते, हे दोन्ही पाठांत सारखंच आहे.

आणखी दोन-तीन खुणा: गुजरातीत ‘गीतशास्त्र’ म्हणतात ते आपलं स्तोत्रसंहिता. ‘पस्तावो’ आणि हिंदीतला ‘मन फिराव’ म्हणजे आपला पश्चात्ताप. हिंदीतला ‘अनुग्रह’ म्हणजे कृपा, आणि ‘उद्धार’ म्हणजे तारण.

२. निकाल कशावर लागतो ते बघा

पहिल्या दिवशी दोनच उतारे: रोम ३:२१-२६ आणि लूक १८:९-१४. दोन्ही सहा-सहा श्लोकांचे. मोठ्याने वाचा.

लूकच्या उताऱ्यात दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. यात खोटं काहीच नाही, तो खरोखरच करत असतो. जकातदार, म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला करवसुली करणारा, लांब उभा राहतो, वर डोळेही करत नाही, ऊर बडवत दयेची भीक मागतो. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. जकातदाराने अजून काहीही सुधारलेलं नाही, हे पेन्सिलने खूण करून ठेवा. निकाल त्या क्षणीच लागला आहे.

रोम ३:२४ मधला ‘विनामूल्य’ हा शब्द अधोरेखित करा. फुकट म्हणजे स्वस्त असं समजू नका. पुढच्याच श्लोकात किंमत सांगितली आहे: ख्रिस्ताचं रक्त. किंमत भरली गेली, फक्त ती तुमच्याकडून घेतली गेली नाही.

आता दुसऱ्या दिवशी रोम ४. याच्या पंचवीस श्लोकांत ‘गणणे’ या अर्थाचं एक ग्रीक क्रियापद अकरा वेळा येतं आणि ते हिशेबाच्या वहीतलं आहे. मांडवीतल्या एखाद्या जुन्या पेढीची खतावणी डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. वहीत तसेच दोन रकाने आखा. ‘नावे’च्या बाजूला चौथ्या अध्यायातला सातवा-आठवा श्लोक लिहा: पाप हिशेबात धरलं जात नाही. ‘जमा’च्या बाजूला पाचवा: विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. मग खाली दोन्ही रकान्यांवरून आडवी रेघ मारून २ करिंथ ५:२१ लिहा. त्या एका श्लोकात दोन्ही नोंदी आहेत: आपलं पाप ख्रिस्ताच्या नावे, त्याचं नीतिमत्त्व आपल्या खाती जमा. फिलेमोनच्या छोट्याशा पत्रात अठराव्या श्लोकात पौल एका दासाच्या देण्याबद्दल म्हणतो, ते माझ्या हिशेबी मांड. कल्पना तीच, फक्त घरगुती प्रसंगात.

इथे एक चूक हमखास होते. माणूस हा जमेचा रकाना आपल्या पुण्याईसारखा समजतो, म्हणजे थोडं त्याचं, थोडं आपलं, मिळून शिल्लक. फिलिप्पै ३:९ वाचलं की ही समजूत टिकत नाही. पौल स्वतःचं नीतिमत्त्व बाजूला ठेवून दुसऱ्याच्या नीतिमत्त्वावर उभा राहतो. भेसळ चालत नाही.

३. क्रम उलटा करू नका

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, म्हणून ही पायरी लांब आहे.

रोम ४ मध्ये पौल ज्याचं उदाहरण देतो, त्या अब्राहामाचा क्रम बघा. उत्पत्ती १५:६ मध्ये त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी, त्याचा मुलगा इश्माएल याच्या जन्मावेळी, तो शहाऐंशी वर्षांचा आहे. देवाशी झालेल्या कराराची खूण म्हणून सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते आणि सुंता झाली तेव्हा तो नव्व्याण्णव वर्षांचा आहे. म्हणजे निकाल आणि खूण यांच्यात किमान तेरा वर्षं गेली. रोम ४:१० मध्ये पौल नेमका हाच प्रश्न विचारतो: गणलं गेलं ते सुंतेनंतर की आधी? आधी. आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर नेण्याचा प्रसंग तर बाविसाव्या अध्यायात, आणखी कितीतरी वर्षांनी.

हा क्रम नीट बसला की नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं २:२४ वाचून दचकायला होत नाही. तिथे लिहिलंय की माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. नवखे इथे गडबडतात आणि पौल खरा की याकोब असा पेच टाकतात. याकोब उदाहरण देतो ते बाविसाव्या अध्यायातलं, आणि लगेच पंधराव्या अध्यायातलं वाक्य उद्धृत करून म्हणतो की ते इथे पूर्ण झालं. पौल दार कसं उघडतं ते सांगतो. आत आलेला माणूस जिवंत आहे हे कशावरून ओळखायचं, ते याकोब सांगतो. झाडाला फळ लागतं म्हणून झाड लावलेलं असतं असं नाही, झाड लावलेलं असतं म्हणून फळ लागतं.

बडोद्याच्या माणसाला हे समजायला जवळचं उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ मे १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. दत्तकविधान झालं त्या दिवशी त्याला राज्यकारभारातलं काहीही येत नव्हतं. शिक्षण त्यानंतर सुरू झालं आणि पूर्ण अधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ ला. मधली सहा वर्षं तो वारस होण्यासाठी शिकत नव्हता. वारस होता म्हणून शिकत होता. मराठी शास्त्रात रोम ८:१५ मध्ये ‘दत्तकपण’ हाच शब्द आहे, आणि सतराव्या श्लोकात ‘वारस’. ख्रिस्ती परिभाषेत दत्तक जाण्यासारख्या पहिल्या गोष्टीला नीतिमान ठरणं म्हणतात, नंतरच्या शिकण्यासारख्या दुसरीला पवित्रीकरण. पहिली एका क्षणाची आहे, दुसरी आयुष्यभराची. ही उपमा ताणू मात्र नका. गोपाळला इतर मुलांमधून निवडलं होतं. पौल ज्या दत्तकपणाबद्दल लिहितो त्यात लायकी पाहून निवड नाही.

‘विनामूल्य आहे, मग पाप केलं तरी काय बिघडतं?’ हा प्रश्न पडला तर घाबरू नका. हा प्रश्न पडणं म्हणजे तुम्ही आतापर्यंतचं बरोबर वाचलं याची खूण आहे. रोम ६:१ मध्ये पौलानेच तो मांडून उत्तर दिलं आहे.

४. आशीर्वाद मोजा, पण यादी शास्त्रातली घ्या

तिसरा आणि चौथा दिवस रोम ५:१-११ ला द्या. अकराच श्लोक. प्रत्येक श्लोकासमोर काय मिळालं ते एका शब्दात लिहा. यादी साधारण अशी निघते: शांती, प्रवेश, गौरवाची आशा, संकटातही टिकणारा आनंद, अंतःकरणात ओतलेली प्रीती, क्रोधापासून तारण, समेट. पाचव्या दिवशी आठव्या अध्यायातून तीन जोडा: दंडाज्ञा नाही (१), देवाला ‘अब्बा’, म्हणजे बाप, म्हणायचा हक्क (१५), आणि आरोप ठेवणाऱ्याला उत्तर (३३-३४).

यातल्या ‘प्रवेशा’वर थांबा. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्र स्थानासमोर, म्हणजे सर्वांत आतल्या खोलीसमोर, पडदा होता. आत फक्त महायाजक जाई, तोही वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन. येशूने प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मार्क १५:३८ सांगतं. वरून खाली, म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे. इब्री लोकांस पत्र, चौथ्या अध्यायाचा शेवटचा श्लोक, सरळ सांगतं: धैर्याने जवळ या.

व्यवहारात याचा अर्थ काय? दोन दिवस प्रार्थना राहिली की आपण म्हणतो, ‘आता कोणत्या तोंडाने देवापुढे जाऊ?’ मग दोनाचे दहा दिवस होतात. प्रवेश तुमच्या नियमितपणावर दिलेला असता तर हा संकोच योग्य होता. तो ख्रिस्तावर दिलेला आहे. म्हणून चुकलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नका, जिथे असाल तिथून, एका वाक्याने सुरुवात करा. स्कूटर स्टँडवर लावतानासुद्धा चालतं.

तिसऱ्या-चौथ्या श्लोकातली साखळीही क्रमाने लिहा: संकट, धीर, शील, आशा. संकट टळण्याचं वचन तिथे नाही. संकटाचं काय होतं, ते सांगितलं आहे.

५. जे यादीत नाही ते कुणी विकत असेल तर

‘देवाशी सरळ असशील तर व्हिसा लागेल, दुकान चालेल, मूल होईल’ असं सांगणारे भेटतील. प्रार्थनेत या गोष्टी जरूर मागा. देव बाप आहे, त्याला सगळं सांगावं. पण त्या मिळणं ही नीतिमान ठरल्याची खूण नाही, आणि न मिळणं हा नाकारल्याचा पुरावा नाही. स्तोत्र ३४:१९ मध्ये सरळ लिहिलंय की नीतिमानाला पुष्कळ कष्ट होतात. ईयोबाला पहिल्याच श्लोकात सात्त्विक आणि सरळ म्हटलं आहे, आणि पुढे त्याची मुलं, मालमत्ता आणि तब्येत सगळंच जातं. पौल स्वतः २ करिंथ ११ मध्ये मोजून सांगतो: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीनदा फुटलेलं जहाज.

घरात आजारपण असलेल्या माणसाला ‘तुझ्या विश्वासात कमी आहे’ असं म्हणणं क्रूर आहे आणि चुकीचंही. असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या, आणि त्या माणसाकडे पुन्हा सल्ल्याला जाऊ नका.

आशीर्वादासाठी ठरावीक रक्कम मागितली तर देऊ नका, मग तिला ‘बी पेरणं’ म्हणोत की आणखी काही. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे देऊन देवाचं दान घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला किती कडक शब्दांत झापलं ते वाचा. मंडळीच्या खर्चासाठी दान देणं ही वेगळी गोष्ट आहे. ते आनंदाने द्या, पावती घ्या. नवस बोलायची सवय असलेल्यांनी इथे विशेष जपावं. ‘हे झालं तर ते करीन’ असा सौदा प्रार्थनेत नकळत शिरतो.

६. पडल्यावर काय करायचं

नीतिसूत्रे २४:१६ म्हणतं, नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो. म्हणजे पडण्याची तयारी आधीच करून ठेवलेली बरी. सहाव्या दिवशी स्तोत्र ३२ वाचा. यातही अकराच श्लोक आहेत, आणि पौलाने रोम ४ मध्ये उद्धृत केलेलं तेच हे. तिसऱ्या-चौथ्या श्लोकात दावीद राजा गप्प राहिल्याचा त्रास सांगतो: हाडं झिजली, उन्हाळ्यात ओलावा सुकावा तसं झालं. पाचव्यात कबुली, आणि त्याच श्लोकात क्षमा. मध्ये एक ओळही नाही.

करायचं ते असं. पाप नाव घेऊन सांगा. ‘काही चुकलं असेल तर’ असं मोघम बोलू नका. १ योहान १:९ वाचा. त्यात देव क्षमा करतो तो ‘विश्वसनीय व न्यायी’ आहे म्हणून. किंमत आधीच घेतली गेली असल्यामुळे क्षमा करणं हाच आता न्याय. मग जे परत करता येण्याजोगं असेल ते परत करा. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने, ज्यांना फसवलं त्यांना चौपट देऊ केलं होतं. देवाने क्षमा केली म्हणून शेजाऱ्याची उधारी माफ होत नाही, आणि दावीदालाही आपल्या कृत्याचे परिणाम भोगावे लागले, हे २ शमुवेल १२ मध्ये स्पष्ट आहे. निकाल पक्का असतो. भरपाई आणि परिणाम वेगळे.

मनातले दोन आवाज ओळखायला शिका. एक विशिष्ट गोष्टीवर बोट ठेवतो: ‘काल आईशी जे बोललास ते जाऊन नीट कर.’ ऐकलं की काय करायचं ते कळतं. दुसरा म्हणतो, ‘तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही.’ त्यात करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं ओझं असतं. पहिल्याचं ऐका. दुसऱ्याला रोम ८:१ वाचून दाखवा, मोठ्याने.

७. मंडळीत कुणाला काय विचारायचं

बडोद्यात मेथडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल अशा निरनिराळ्या मंडळ्या आहेत. कॅथलिक चर्चमध्ये पापकबुलीचा संस्कार आहे: मनाची तपासणी, पश्चात्ताप, धर्मगुरूंसमोर कबुली, पापमुक्तीचे शब्द, आणि सांगितलेलं प्रायश्चित्त. मेथडिस्ट आणि सीएनआय उपासनेत सगळी मंडळी एकत्र कबुली म्हणते. नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवरून सोळाव्या शतकात पश्चिमेतलं चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं फुटलं; लुथरन आणि मेथडिस्ट हे प्रोटेस्टंट. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही तिच्याशी सहमत झाली. सगळे मतभेद संपले असं नाही, पण घरात एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट असेल तर जेवणाच्या ताटावर भांडण्याइतकं अंतर आता नाही.

वाचायला, प्रार्थनेला, उपासनेत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या धर्मातून येऊन बाप्तिस्मा घ्यायचा असेल, तर गुजरात धर्मस्वातंत्र्य कायदा, २००३ लागू होतो. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडची प्रक्रिया पाळकांनी आणि तुम्ही दोघांनीही पाळायची असते, म्हणून तारीख ठरवण्याआधी वकिलाला भेटा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सातव्या दिवशी वही मिटवून, शास्त्र बाजूला ठेवून, कोऱ्या पानावर तीन उत्तरं लिहा. देव मला का स्वीकारतो? त्याने स्वीकारल्यामुळे आज मला काय मिळालं आहे? काल ज्यात चुकलो त्याचं मी काय करणार आहे? पहिलं उत्तर ‘मी’ने सुरू झालं तर दुसऱ्या पायरीवर परत जा. दुसऱ्यात फक्त पैसा, नोकरी आणि तब्येत आली तर चौथ्या पायरीवर. तिसरं कोरं राहिलं तर स्तोत्र ३२ चा पाचवा श्लोक पुन्हा वाचा, आणि ज्याचं देणं आहे त्याला आजच फोन करा.